धाकटीच्या बाजूचा भार

शनिवार, १ फेब्रुवारी. संध्याकाळी

आजच्या चाचणीत काय घडलं, त्याची नोंद.

१. गच्चीवर मी बनवलेला स्टँड उभा केला. सगळे जोड हाताने तपासले.
२. दोन्ही बाजूंना एकेक हॅमॉक, म्हणजे झोपायची कापडी झोळी, अडकवला. डावीकडे माझा, उजवीकडे धाकटीचा.
३. दोघींनी एकाच वेळी बसायचं, हे धाकटीला आधी सांगितलं होतं.
४. मी 'एक, दोन, तीन' म्हटलं.
५. धाकटी बसली.
६. मी बसले नाही. मधला खांब किती वाकतो ते मला आधी बघायचं होतं.
७. स्टँड उजवीकडे आडवा झाला.
८. धाकटीचं कोपर खरचटलं. खालच्या काकूंची कुंडी फुटली.
९. काकू वर आल्या.

निष्कर्ष: डिझाइनमध्ये दोष नाही. धाकटीने घाई केली.

दोष का नाही, तेही लिहून ठेवते. बाजारातले हॅमॉक-स्टँड सायकलवर नेण्यासारखे नसतात. एका बाजूला माणूस लोंबकळणार म्हणजे पाया रुंद हवा, रुंद पाया म्हणजे वजन, वजन म्हणजे चढावर मरण. मी लिफ्ट तपासते. लिफ्टच्या पेटीच्या पलीकडे तोलाचा भार असतो, तो खाली गेला की पेटी वर येते आणि मोटरला फारसं काही करावं लागत नाही. तेच इथे. दोघी दोन बाजूंना झोपलो की एकमेकींना तोलून धरतो. पाया हातभर रुंद असला तरी चालतो. सगळा स्टँड एका लांब पिशवीत, कॅरिअरवर मावतो. असा स्टँड मी तरी कुठे पाहिलेला नाही.

अट एकच. एकदम चढायचं, एकदम उतरायचं.

धाकटी कोपरावर फुंकर घालत म्हणाली, की रात्री तिला जायचं असलं तर? मी म्हटलं, मला उठवायचं. ती म्हणाली, आणि नुसतंच जावंसं वाटलं तर, कुठेही? मी म्हटलं, कुठेही म्हणजे कुठे ते आधी सांगायचं. ती म्हणाली, ताई, हे झोपायचं आहे की परीक्षा द्यायची आहे?

तिला प्रत्येक गोष्टीला फाटे फोडायची सवय आहे. ठराव: सायकल-सहलीचे चार दिवस तिच्यावर आवाज चढवायचा नाही. सूचना शांतपणे द्यायच्या.


रविवार, २ फेब्रुवारी

काकूंना नवी कुंडी नेऊन दिली. आधीच्यापेक्षा मोठी. काकू म्हणाल्या, रोप कुठे आहे? रोपाचा विचार केला नव्हता.

सहलीचा खरा हेतू इथे लिहायला हरकत नाही. घराचा करार अठ्ठावीस तारखेला संपतो. पुढची तीन वर्षं राहणार का, हे घरमालकांना पंधरापर्यंत कळवायचं आहे. सह्या दोघींच्या लागतात. धाकटीला विचारायचं राहिलं आहे. विचारायचं म्हणजे सांगायचं. ती नाही म्हणेल असं एकही कारण मला सापडलेलं नाही. सहा वर्षं आम्ही या दोन खोल्यांत राहतोय. ती काम करते ते चष्म्याचं दुकान इथून चालत दहा मिनिटांवर. घासलेली भांडी कशी लावायची इथपासून सगळं ठरलेलं आहे. सगळं मीच ठरवलं आहे, तिला काही बघावं लागत नाही.

घरी विषय काढला की ती उठून आत जाते. सायकलवर आत नसतं.


बुधवार, ५ फेब्रुवारी. रात्री

सामान बांधून झालं. माझं. धाकटीचं अजून चालू आहे.

तिच्या खोलीत तीन मोठे खोके दिसले. म्हणाली, जुने कपडे देऊन टाकायचे आहेत. माझा टेप विचारून घेऊन गेली आणि तिचं कपाट मोजत बसली. विचारून नेला, ही सुधारणा. मग कपाट सुटं होतं का, असं विचारलं. मी सांगितलं, मागे चार बोल्ट आहेत, सहज सुटतं, पण सोडवायचं कशाला? ती म्हणाली, झाडायला.

एवढी स्वच्छता तिने कधी मनावर घेतली नव्हती. बरं वाटलं.


गुरुवार, ६ फेब्रुवारी. सकाळी

निघालो. फाटकापाशी माझ्या कॅरिअरवरच्या लांब पिशवीकडे बघून धाकटीने विचारलं, की ताई, तू फिरायला निघाली आहेस की पूल बांधायला.

समोरून वारा.


गुरुवार, ६ फेब्रुवारी. संध्याकाळी

कालव्याकाठी मुक्काम. ठरलेलं अंतर झालं नाही. कारणं: वारा, धाकटी. ती चढावर उतरून चालते. मीही दोनदा उतरले, पण ते गिअर बघायला.

इथे झाड नाही. एकही नाही. तंबू लावण्याइतकी सपाट जमीनही नाही, सगळी ढेकळं आणि दगड. म्हणजे हा स्टँड नेमका अशाच जागेसाठी आहे. मी हे धाकटीला दोनदा दाखवून दिलं. ती म्हणाली, हो, आपण मुद्दाम इतकी वाईट जागा शोधली नसती तर तो वाया गेला असता.

कालव्यात पाणी आहे पण वाहत नाही. वाऱ्याने ढकलत आणलेला एक मेलेला बगळा पाण्यावरून आला आणि आमच्यासमोर थांबला. मी बघितलं नाही असं दाखवलं. धाकटीने बराच वेळ बघितलं.

चढणं व्यवस्थित झालं. 'तीन'वर दोघी एकदम. खांब जरासुद्धा हलला नाही. मी अंधारात मोठ्याने म्हटलं, जमलं. पलीकडून पांघरूण ओढल्याचा आवाज आला. दमली असावी.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी. सकाळी

झोप बरी. म्हणजे लागली नाही, पण अंग दुखत नाही.

रात्री स्टँडमधून आवाज येत होता. टक. मग पुष्कळ वेळ काही नाही. मग पुन्हा टक. सकाळी सगळे बोल्ट तपासले, एकही सैल नाही. धाकटीला विचारलं तर म्हणाली, की तो आवाज तिने कूस बदलली की येतो. आणि तिने कूस बदलली की मी झोपेत 'काय झालं' असं विचारते. रात्रभर विचारत होते म्हणे. त्यामुळे तिने कूस बदलणं सोडून दिलं.

हा चांगला उपाय आहे, पण पुरेसा नाही. नवा नियम: कूस बदलण्याआधी खांबावर दोनदा वाजवायचं, म्हणजे मी विरुद्ध बाजूला सरकेन आणि तोल राहील. तिचं म्हणणं, कूस बदलणार आहोत हे झोपलेल्या माणसाला आधी कळत नाही. मी म्हटलं, सवयीने कळेल.

तिने चहाचा कप खाली ठेवला. कपाकडेच बघत राहिली.


शुक्रवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळी

पठार. दिवसभर एक माणूस दिसला, तोही लांबून. आम्ही जवळ पोचेपर्यंत नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पवनचक्क्या, सगळ्या बंद. वारा एवढा आणि पाती मात्र जागच्या जागी. का बंद असतील, याची चार संभाव्य कारणं मी धाकटीला सांगितली. वरच्या तारा सारख्या घूं करत होत्या. ती म्हणाली, ताई, जरा वेळ आपण काहीच नको बोलूया का. मी कबूल झाले. तिने ते संध्याकाळपर्यंत ताणलं.

मुक्कामाला पोचल्यावर म्हणाली, तुला एक सांगायचं आहे. मी म्हटलं, आधी उजेड आहे तोवर स्टँड. मग जेवण. मग वारा वाढला म्हणून मी दोऱ्या पुन्हा ताणल्या. मग चढलो. तेव्हा तिने पुन्हा सुरुवात केली, ताई, असं आहे की... आणि माझ्याकडे वळली. स्टँड कलला. मी म्हटलं, सरळ झोपून बोल. सरळ झाली. म्हणाली, की हे आकाशाकडे तोंड करून सांगता येणार नाही.

मग राहिलं.

दुकानातलं काहीतरी असेल. मागे एकदा तिने एका गिऱ्हाइकाला उलट्या काचा बसवून दिल्या होत्या, तेव्हाही अशीच दोन दिवस तोंड पाडून होती.


शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळी

रात्री एक गंभीर घटना घडली. जाग आली तेव्हा माझी बाजू खाली गेलेली होती. पाठ जमिनीला टेकायला चार बोटं बाकी. अंधारात पलीकडे धाकटी हॅमॉकच्या काठावर बसली होती, पाय जमिनीला टेकवून. म्हणजे तिचं काही वजन जमिनीवर. अजून थोडं पुढे झुकली असती तर मी गेले असते. मी खांब पकडला आणि म्हटलं, हलू नकोस.

ती हलली नाही. मी विचारलं, काय करते आहेस? ती म्हणाली, बसले आहे. मी म्हटलं, का? ती म्हणाली, ताई, बसण्याला का नसतं.

मग तिने पाय वर घेतले. एकेक करून, सावकाश. स्टँड सरळ झाला. उजाडेपर्यंत मी जागी होते. तीही जागी होती, हे श्वासावरून कळतं. वर तारा वाजत होत्या.

उपाय ठरवला आहे. आज रात्रीपासून एक दोरी. एक टोक माझ्या उजव्या मनगटाला, दुसरं तिच्या डाव्या. झोपताना अडचण होणार नाही इतकी ढील ठेवायची. ती उठू लागली की मला कळेल. फक्त कळण्यासाठी, बाकी काही नाही. फास असा बांधायचा, की ओढ बसली तर आवळेल, आपोआप सुटणार नाही. सुरक्षेच्या कामात आपोआप सुटणारं काही वापरत नाहीत.

दोरी दाखवली तेव्हा धाकटी हसली. मी काही विनोद केला नव्हता.


शनिवार, ८ फेब्रुवारी. दुपारी

चढावर फोनला रेंज आली. धाकटी आत्याशी बोलायला म्हणून सायकल टाकून पार खाणीच्या भिंतीमागे गेली. मी दोन केळी खाल्ली, चेन साफ केली, तरी आली नाही. आली तेव्हा डोळे लाल. इथे धूळ फार आहे.

आत्याला माझ्याशीही बोलायचं होतं. म्हणाली, बरी आहेस ना गं? मी तिला स्टँडचं सांगितलं. पाया किती, वजन किती, तोल कसा साधतो ते. आत्या म्हणाली, हो का. मग म्हणाली, तिचं जरा ऐकून घे. मी म्हटलं, आत्या, दोन रात्री मी तिच्यापासून चार फुटांवर झोपते आहे, आणखी किती ऐकायचं? आत्या म्हणाली, तेच तर. आणि रेंज गेली.


शनिवार, ८ फेब्रुवारी. संध्याकाळी

तलावावर पोचलो. शेवटचा मुक्काम.

पाणी मोठं आहे, काळं दिसतं. काठाला लांबच लांब दगडी बांध. बांधावरच्या राखणदाराने आमच्या सायकली, पिशवी, मग आम्हाला, असं क्रमाने बघितलं. म्हणाला, या अंगाला कुणी राहत नाही. मी कारण विचारलं. म्हणाला, कारण असं नाही, राहत नाही एवढंच. पहाटे पाण्यावरून वारा उठतो, दगडांखालून पाणी बोलतं, नव्या माणसाला झोप येत नाही. मी त्याला सांगितलं, आम्हाला तशीही येत नाही. मला हे विनोदाने म्हणायचं होतं. धाकटीने त्याच्याकडे बघून मान हलवली.

एक फार चांगली गोष्ट झाली. धाकटीने आज पहिल्यांदा स्टँडमध्ये रस घेतला. आपणहून बांधावरचे सुटे दगड गोळा करून तिने हॅमॉकशेजारी, डोक्याकडच्या बाजूला, एक चौथरा रचला. चढताना पायरी म्हणून, म्हणाली. एकेक दगड हातात तोलून बघत होती, दुकानात काचा बघते तशी. काही परत टाकले, काही घेतले. सपाट दगड बहुतेक. मग विचारलं, की दोन्ही बाजूंच्या वजनात किती फरक पडला तर हा पडतो? मी सांगितलं, सात-आठ किलोपर्यंत सहन करतो. तिने विचारलं, आणि फरक हळूहळू पडला तर? एक वजन जातंय आणि तेवढंच दुसरं येतंय, असं? मी म्हटलं, उत्तम प्रश्न. धक्का नसला की स्टँडला काही कळतही नाही. वाळूवर आकृती काढून दाखवली. तिने ती नीट समजून घेतली, अगदी शाळेतल्या हुशार मुलीसारखी.

मग म्हणाली, ताई, माझं नेमकं वजन किती गं? मी सांगितलं, चोपन्न. मी ते सगळ्या हिशेबात धरलेलंच आहे.

चोपन्न, असं ती एकदा स्वतःशी म्हणाली. पाण्याकडे बघत.

सहा वर्षांत माझ्या कामाबद्दल तिने एवढं विचारलं नव्हतं. दोरीलाही आज काही म्हणाली नाही. हात पुढे केला. मी फास बांधला तेव्हा तिचं मनगट किती बारीक आहे ते पुन्हा लक्षात आलं. जेवणाकडे लक्ष द्यायला हवं.

कराराचं उद्या सकाळी सांगायचं ठरवलं आहे. उठण्याआधी, दोघी हॅमॉकमध्ये असतानाच. तेव्हा ती उठून जाऊ शकत नाही. बोलण्यासाठी याहून सोयीची स्थिती मिळणार नाही.


रविवार, ९ फेब्रुवारी. पहाटे

फटफटतंय. हॅमॉकमध्येच लिहिते आहे. मनगटाला दोरी असल्यामुळे अक्षर जरा ओढल्यासारखं.

राखणदार म्हणाला तसा वारा उठला. दगडांखालून पाणी खरंच काहीतरी बोलल्यासारखं वाजतं. आणि मघापासून धाकटीची चुळबुळ. टक. थोड्या वेळाने टक. सारख्या अंतराने, बराच वेळ. प्रत्येक वेळी स्टँड किंचित कलला आणि प्रत्येक वेळी जागेवर आला. ती खांबावर न वाजवताच हलत होती, तरी मी काही म्हटलं नाही, कारण डिझाइन इतकं सुंदर काम करत होतं की थांबवावंसं वाटेना. मग सगळं एकदम शांत.

इतकी शांत ती कधीच झोपली नव्हती. पांघरूण डोक्यावरून घेतलं आहे.

बोलले तिच्याशी. सगळं. तीन वर्षांचा करार, पंधरा तारीख, दोघींच्या सह्या. तिच्या बाजूनेही विचार केला आहे, हेही सांगितलं: मोठी खिडकी तिलाच, कपाट आहे तिथेच, बाथरूमचं वेळापत्रक हवं तर शिथिल करू. एकदाही मध्ये बोलली नाही. नेहमी माझं पहिलं वाक्य पुरं होऊ देत नाही. शेवटी विचारलं, ठीक आहे ना? उत्तर नाही. दोरी हलकेच ओढून पाहिली. पलीकडे भक्कम. रागावली असती तर तिने दोरी मागे ओढली असती, मी तिला ओळखते.

मान्य आहे असं धरलं. एवढ्याशा गोष्टीसाठी महिनाभर जीव टांगणीला लावून घेतला होता.

आता मोजते आणि उतरते. बाकीचं चहानंतर.


रविवार, ९ फेब्रुवारी. रात्री

डाव्या हाताने. थोडंच.

उजवं मनगट दोन ठिकाणी. प्लास्टर.

'तीन' म्हटलं. मी उतरले. धाकटीची बाजू उतरली नाही. तिच्या बाजूला धाकटी नव्हती. दगड होते. स्टँड तिकडे गेला. दोरी माझ्या हाताला होती, तिकडचा फास एका दगडाला. दगड खाली गेले आणि मी स्टँडवरून पलीकडे. फास आवळला. सांगितल्याप्रमाणे, सुटला नाही.

धाकटी पाण्याजवळून पळत आली. हातात कप तसाच, चहा सगळा अंगावर. तिला गाठ सुटेना. पाव कापायच्या सुरीने दोरी कापली. रडत होती आणि मला ओरडत होती, की कुणी सांगितलं होतं तुला उतरायला? मी म्हटलं, मी मोजलं होतं. ती म्हणाली, कुणाबरोबर?


सोमवार, १० फेब्रुवारी

राखणदाराने टेम्पो बोलावून दिला होता. मागे सायकली, पुढे आम्ही दोघी. वाटेत कळलेलं, क्रमाने.

ती पळून वगैरे गेली नव्हती. तिला पाण्याजवळ अर्धा तास एकटीला बसायचं होतं. फास तिने हात बारीक करून काढला. एका पायाने चौथऱ्यावर भार देत देत, एकेक दगड आत ठेवत उतरली, मला धक्का लागू नये म्हणून. मला जाग यायच्या आत तसंच, एकेक दगड काढत, परत आत येऊन झोपणार होती. म्हणाली, तूच सांगितलंस ना, हळूहळू झालं की कळत नाही.

मी काय काय बोलले ते तिने ऐकलंच नव्हतं. मी पुन्हा सांगायला लागले. ती म्हणाली, ताई, थांब. आणि सांगितलं.

तिने खोली घेतली आहे. एक मार्चपासून. दुकानाच्या मागच्या गल्लीत, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर.

मी विचारलं, दुसरी नोकरी? नाही. कुणी आहे का? नाही गं. भाडं कमी आहे? जास्त आहे. उजेड चांगला? उत्तरेची खिडकी आहे, तीही अर्धी. मी म्हटलं, मग कारण काय? कारण असल्याशिवाय कुणी घर सोडत नाही.

टेम्पो एका खड्ड्यातून गेला. मग म्हणाली, मला न विचारता कूस बदलायची आहे.

मी म्हटलं, पाया रुंद करता येईल.

तिने खिडकीबाहेर बघितलं. टेम्पोवाल्याने गाणं बंद केलं.


बुधवार, १२ फेब्रुवारी

आत्या आली आहे, माझ्या हाताचं बघायला. तिला डिसेंबरपासून माहीत होतं. म्हणाली, ती पोर तुला सांगायला चार दिवस सायकल मारत होती. मी म्हटलं, सायकलची कल्पना माझी होती. आत्या म्हणाली, हो, म्हणूनच तर आली.

अपघाताचं विश्लेषण केलं. मूळ कारण: उजवीकडचा भार बदलल्याची सूचना डावीकडे मिळाली नाही. आत्याला वाचून दाखवलं. आत्या भाजी चिरत होती. म्हणाली, सूचना मिळत होती की गं.

घरमालकांना कळवलं. एकीच्या सहीवर चालेल म्हणाले, वर्षाचा करार. मला वाटलं होतं अडवतील.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

धाकटीचं सामान गेलं. तीन खोके, सायकल, कपाट.

कपाटाचे तीन बोल्ट तिला सुटले. चौथा सुटेना. तो मीच मागे कधीतरी जास्त घट्ट केला होता. बरोबर मापाचा पाना शोधून दिला आणि डाव्या हाताने कपाट धरलं. ती पाना फिरवत होती तेव्हा मी 'हळू' म्हणणार होते. म्हटलं नाही.

जाताना तिने माझं प्लास्टर बोटाने वाजवलं. दोनदा. म्हणाली, ताई, कूस बदलते आहे.

मी काय बोलायला हवं होतं, ते मघाशी जेवताना सुचलं. आता आठवत नाही.


मंगळवार, ४ मार्च. सकाळी

प्लास्टर अजून दोन आठवडे. अक्षर बरंच सुधारलं आहे.

तिच्या खोलीत काही करायचं ठरवत होते: हत्यारांचं टेबल, उभ्या फळ्या. टेप घेऊन गेले. कपाट होतं तिथली भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ आहे. मोजली नाही.

पलंगावर झोपते. पूर्ण पलंग मोकळा असून डाव्या कडेला झोपते, उठल्यावर चादरीवरून दिसतं. आज उठताना सवयीने 'एक, दोन, तीन' म्हटलं आणि उठले. काहीही पडलं नाही.

धाकटीला मेसेज लिहिला. आधी नऊ मुद्दे झाले होते: स्टँडचा नवा पाया, दोन वेगळे स्टँड केले तर लागणारं वजन, काकूंच्या कुंडीतलं रोप, आत्या, एप्रिलमधले चार दिवस. सगळे पुसले. जेवढं राहिलं ते पाठवलं. इथे उतरवून ठेवते.

शनिवारी संध्याकाळी तुझ्या खोलीवर येऊ का? गुरुवारपर्यंत कळव.